सामायिक फोल्डर-प्रवेश : सामायिक संगणकांवरील लॉगिनदोष व निवारण

एका संगणकावर ठेवलेला फोल्डर लॅनमधल्या (एकाच जागेतल्या संगणक-जाळ्यातल्या) दुसऱ्या संगणकावरून उघडताना योग्य युजरनेम-पासवर्ड नाकारला जाणे, किंवा भलत्याच माणसाच्या नावाने तो उघडणे, या दोषांचा व त्यांच्या निवारणाचा विषय. एकच संगणक अनेकांनी आळीपाळीने वापरायचा असेल तेथे हे दोष विशेष आढळतात. बेळगाव (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील पतसंस्था, मराठी शाळांच्या संगणक खोल्या व डीटीपीची दुकाने या ठिकाणी ‘शेअरिंग गेलं’ या दोन शब्दांत पुढील सगळे प्रकार सामावतात.

उगम : फोल्डर वाटून घेण्यामागील संकेतप्रणाली, म्हणजे संगणकांनी आपसांत बोलण्याचे नियम, सर्व्हर मेसेज ब्लॉक (एसएमबी) ही होय. ती आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी १९८३ च्या सुमारास रचली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. काही लेखनात हा काळ वर्ष-दोन वर्षे पुढे धरलेला दिसतो. कर्त्याने आपल्या आद्याक्षरांवरून तिला प्रथम वेगळे नाव दिले होते व ते नंतर बदलले, असेही सांगितले जाते. डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या फाइल-मागण्या जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवणे हा मूळ हेतू. मायक्रोसॉफ्टने ती आपल्या लॅन मॅनेजर या जाळे-प्रणालीत घेतली व १९९६ मध्ये तिच्या विस्तारित रूपाला सीआयएफएस हे नाव दिले. सीआयएफएस ही स्वतंत्र प्रणाली आहे, असा उल्लेख काही ठिकाणी आढळतो. ती एसएमबीचीच एक बोली समजणे अधिक सयुक्तिक ठरते. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ अखेर–१९९२ प्रारंभ या काळात युनिक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीवर तिचे प्रतिरूप केले. त्याचेच पुढे सांबा झाले. एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शब्दसूचीत शोधून हे नाव निवडले गेले.

आजच्या दोषांचे मूळ बरेचसे या इतिहासात आहे. डॉसला ‘वापरणारा’ ही कल्पनाच नव्हती. त्यामुळे आरंभीच्या रूपात पासवर्ड माणसाला नसून फोल्डरला असे. ज्याला तो ठाऊक, त्याला आत वाट. माणसागणिक ओळख लॅन मॅनेजरच्या काळात आली, पण विंडोज ९५ व ९८ मध्ये फोल्डरच्या पासवर्डाची पद्धत सर्रास चालू राहिली. त्या काळात शिकलेले ऑपरेटर आजही ‘त्या फोल्डरचा पासवर्ड काय?’ असे विचारतात. हल्लीच्या विंडोजमध्ये या प्रश्नाला उत्तर नाही. तेथे फोल्डरला पासवर्ड नसतो. पासवर्ड असतो तो मुख्य संगणकावरील खात्याला, आणि त्या खात्याला फोल्डरचा हक्क दिलेला असतो.

शिल्लक ओळख : सामायिक संगणकाचा हा मुख्य दोष असून पासवर्ड चुकल्याच्या तक्रारींत तो वारंवार लपलेला असतो. विंडोज एका लॉगिन-सत्रात (साइन इनपासून साइन आउटपर्यंत) एका सर्व्हरशी, म्हणजे फोल्डर ठेवलेल्या मुख्य संगणकाशी, एकाच नावाने बोलते. सकाळी रोखपालाने आपल्या नावाने ‘कर्ज’ फोल्डर उघडला, दुपारी त्याच सत्रात लिपिकाने आपले नाव घालून ‘ठेवी’ फोल्डर मागितला, तर त्रुटी क्रमांक १२१९ येते : एकाच वापरणाऱ्याने एकाहून अधिक नावांनी त्या सर्व्हरशी जोडणी करू नये. लिपिकाचा पासवर्ड बरोबर असतो. यंत्राच्या लेखी मात्र खुर्चीत अजून रोखपालच बसलेला असतो. लिपिकाने ‘कर्ज’च उघडला, तर कोणतीही सूचना न येता तो रोखपालाच्या हक्काने उघडतो. दुसरा प्रकार पहिल्याहून गंभीर आहे, कारण नोंद एकाची आणि सही दुसऱ्याची, असे घडते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

निवारणासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज ही आज्ञा देऊन चालू जोडण्या पाहाव्यात व डिलीट हा पर्याय जोडून त्या तोडाव्यात. खिडकी बंद केल्याने जोडणी तुटत नाही. यादीत आयपीसी-डॉलर नावाची जोडणी दिसते. ती फोल्डर नसून ओळखपरेडीची वाट असते, तीही तोडावी. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजरात जपून ठेवलेला पासवर्ड पुसावा. ‘लक्षात ठेवा’ची चौकट कोणीतरी टिचकावलेली असतेच. इतक्यानेही न भागल्यास साइन आउट करून पुन्हा आत यावे. सर्व्हरला नावाऐवजी आयपी क्रमांकाने (जाळ्यावरील त्याच्या पत्त्याने) हाक मारली की विंडोज तो वेगळा सर्व्हर समजते व दुसरे नाव चालते. ही युक्ती प्रचलित असली तरी तात्पुरती आहे. प्रत्येक माणसाला त्या संगणकावर वेगळे विंडोज खाते देणे हाच खरा उपाय, कारण प्रत्येक खात्याचे सत्र वेगळे असते.

जपून ठेवलेला जुना पासवर्ड आणखी एक घोटाळा करतो. लिपिकाने नवा पासवर्ड घेतला, पण कोपऱ्यातल्या संगणकात जुना साठलेला राहिला, तर तो संगणक जुनाच पासवर्ड परत परत पाठवतो आणि खाते कुलूपबंद होते. दोष मग लिपिकाच्या विसरभोळेपणाला लावला जातो. हा अन्याय आहे. आधी सगळे संगणक तपासावेत.

नावाचा योगायोग : यंत्र प्रथम न विचारता स्वतःच्या चालू खात्याचे नाव व पासवर्ड पुढे करते. सर्व्हरवर तेच नाव व तोच पासवर्ड असेल तर काहीही न विचारता फोल्डर उघडतो. नाव तेच व पासवर्ड वेगळा असेल तर नकार मिळतो. सर्व्हरवर गेस्ट खाते चालू असल्यास मात्र तेथे मुळीच नसलेल्या नावाला पाहुणा म्हणून आत घेतले जाते. परका आत आणि घरचा बाहेर, या कोड्याचे कारण हेच. बहुतेक संगणकांवर खाते ‘ॲडमिन’ किंवा ‘युजर’ या एकाच नावाने उघडण्याच्या सवयीमुळे हे कोडे वाढते. रिकाम्या पासवर्डाचे खाते विंडोज एक्सपीपासून जाळ्यावरून स्वीकारले जात नाही. चार आकडी पिनही जाळ्यावर चालत नाही, तेथे खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो.

लिपी व नावे : सीमाभागात एकाच कीबोर्डवर मराठी, कन्नड व इंग्रजी चालतात. पासवर्डाच्या जागी ठिपके उमटत असल्याने कळफलक कोणत्या भाषेवर राहिला ते दिसत नाही. सकाळी कन्नडमध्ये अर्ज भरून उठलेल्या माणसानंतर बसणाऱ्याचा पासवर्ड ‘चुकतो’ तो असा. युजरनेमच्या रकान्यात एक अक्षर टंकून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी. संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे. ‘खानापूर-शाखा-१’ व ‘खानापूर-शाखा-२’ ही नावे रोमन लिपीत लिहिली तर त्यांची पहिली १५ अक्षरे तंतोतंत सारखी येतात व दोन यंत्रे एकाच नावावर भांडतात. म्हणून क्रमांक आरंभी घालावा. बेळगावचे हिज्जे बदलल्यावर सर्व्हरचे नावही बदलले असेल, तर डेस्कटॉपवरचे जुने शॉर्टकट जुन्याच नावाचा शोध घेतात.

इतर कारणे : वीज जाऊन आली की राउटर यंत्रांना नवे आयपी क्रमांक देऊ शकतो, क्रमांकावर बांधलेली वाट मग चुकते (त्रुटी ५३). मदरबोर्डवरील बॅटरी संपून घड्याळ मागे पडले, तर डोमेन असलेल्या (सर्व खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेल्या) जाळ्यात पाच मिनिटांहून अधिक फरकाला सामान्यतः प्रवेश नाकारला जातो. लॉगिन होऊनही फाइल उघडत नसेल (त्रुटी ५), तर शेअरिंगचे हक्क व डिस्कवरचे एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) हक्क दोन्ही पाहावेत. दोहोंपैकी जो कडक, तो लागू होतो.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील छिद्रातून जगभर पसरला, आणि पुढे नव्या विंडोजमधून ती आवृत्ती टप्प्याटप्प्याने काढली गेली. केवळ तीच आवृत्ती जाणणारी जुनी झेरॉक्स-स्कॅनर यंत्रे त्यामुळे फोल्डरमध्ये स्कॅन टाकेनाशी झाली. त्यांच्यासाठी पहिली आवृत्ती पुन्हा चालू करणे सोपे, पण धोक्याचे आहे. स्कॅन पेनड्राइव्हवर घेणे बरे. मोबाइलवरून अशा फोल्डरात जाताना युजरनेमआधी सर्व्हरचे नाव व तिरपी रेघ (\) द्यावी लागू शकते.