ब्रेक दाबला तरी वारा थांबत नाही

नवतपातल्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, एखाद्या पहाटे कूलर बंद केल्यावर पंख्याकडे जरा बघत राहा. बटण दाबताच आवाज झपकन खाली येतो, वेग निम्मा होतो आणि तिथून पुढे पंखा रेंगाळायला लागतो. एकेक पातं वेगळं दिसू लागलं तरी तो फिरतोच आहे. नागपुरात हे न पाहिलेला माणूस सापडणार नाही. घरी बनवलेल्या रेसिंग सिम्युलेटरचा, म्हणजे गाडी चालवण्याच्या गेमसाठी मांडलेल्या सेटचा, वारा बिघडतो तो याच कारणाने.

या सेटमध्ये सीट, स्टिअरिंग, पेडल, स्क्रीन आणि चेहऱ्यावर हवा सोडणारे दोन पंखे असतात. गेममधल्या गाडीचा वेग सिमहबसारखा प्रोग्रॅम वाचतो आणि आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाला कळवतो. बोर्ड त्या प्रमाणात पंखे पळवतो. बर्डीवरच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या, दुकानांत एक चक्कर मारली की बरंचसं सामान मिळतं. सेट सुरू होतो आणि पहिल्याच वळणाला खटकतं: गाडी मंद झाली, वारा मात्र अजून सरळ रस्त्यावरचाच.

संशय आधी सॉफ्टवेअरवर जातो. प्रोग्रॅममध्ये वेगाचे आकडे सरासरी काढून गुळगुळीत करायची सोय असेल तर ती बंद करावीच. पण बाकीचा हिशेब मांडून पाहा. गेमकडून सेकंदाला 60 वेळा आकडे आले, तर दोन आकड्यांमध्ये सतरा मिलिसेकंदही जात नाहीत. यूएसबी आणि बोर्ड मिळून आणखी थोडे. हवा 6 मीटर प्रति सेकंद वेगाने येत असेल तर 60 सेंटिमीटर अंतराला तिला सेकंदाचा दहावा भाग लागतो. उरलेला सगळा उशीर फिरत्या पंख्याचा, आणि तो कित्येक सेकंदांचा असू शकतो.

कारण असं. मोकळ्या फिरणाऱ्या पंख्याला हवा अडवते, पण हा विरोध वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग निम्मा झाला की अडवणारा जोर चौथ्या भागावर येतो. त्यामुळे पूर्ण वेगावरून निम्म्यावर यायला एक सेकंद लागला, तर निम्म्यावरून पाव व्हायला दोन आणि पावाचा अर्धा व्हायला चार सेकंद लागतात. अगदी शेवटी बेअरिंगचं घर्षण त्याला थांबवतं.

गाडीचं नेमकं उलटं असतं. फॉर्म्युला वनची गाडी ताशी 300 किलोमीटरवरून 100 वर साधारण दोन सेकंदांत येते आणि परत 300 गाठायला तिला कितीतरी जास्त वेळ लागतो. गाडी चटकन मंदावते आणि सावकाश वेग घेते. पंखा पळताना मोटरचा जोर घेतो, मंदावताना त्याच्या मदतीला कोणीच नसतं. म्हणून पंखा लवकर सुरू कसा होईल यापेक्षा वारा लवकर कसा थांबेल, यावर डोकं चालवावं असं मला ठामपणे वाटतं.

आकार इथे फार महाग पडतो. त्याच घडणीचा पंखा दुप्पट व्यासाचा केला तर फिरण्यातलं जडत्व 32 पट होतं, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. घरात पडून असलेला कूलरचा पंखा या कामाला घेऊ नये, तो याचसाठी. शिवाय तो 230 व्होल्टवर चालतो, आणि असा उघडा पंखा तोंडासमोर नकोच. एका मोठ्या पंख्याऐवजी 12 व्होल्टचे दोन-तीन लहान ब्लोअर, जाळी आणि फ्यूज लावून घेतलेले बरे.

आता थांबवण्याकडे येऊ. खेळण्यातली छोटी डीसी मोटर हातात घ्या. तारा सुट्या ठेवून दांडा बोटांनी फिरवा, सहज फिरतो. मग दोन्ही तारा एकमेकींना जोडून फिरवा. दांडा लगेच जड लागतो. फिरणारी मोटर जनरेटर होते, तिने निर्माण केलेली वीज तिच्याच गुंडाळीतून वाहते आणि फिरण्याला विरोध करते. हा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे एकट्या या ब्रेकने वेग निम्मा व्हायला दर वेळी सारखाच वेळ लागतो; एक, दोन, चार अशी चढण उरत नाही. कार्बन ब्रश असलेल्या ब्लोअरला एच-ब्रिज ड्रायव्हर (मोटरच्या तारा हव्या तशा जोडणारं सर्किट) लावून हे करता येतं. मात्र पूर्ण वेगात तारा जोडल्या की करंट एकदम उसळतो, म्हणून ड्रायव्हर दणकट हवा आणि ब्रेक थोडा थोडा, तुकड्यांत लावावा.

कॉम्प्युटरच्या चार तारांच्या पंख्याला ही युक्ती चालत नाही. त्याचं नियंत्रण आतल्या सर्किटकडे असतं, मोटरच्या गुंडाळीपर्यंत आपण पोचतच नाही. अशा वेळी पंख्याला हात न लावता हवाच वळवावी. पंख्यातून चेहऱ्याकडे हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ सनबोर्डची (फोमच्या पातळ फळीची) हलकी झडप बसवायची आणि ती छोट्या सर्व्होने, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या मोटरने, हलवायची. साधा सर्व्होसुद्धा 60 अंश सेकंदाच्या एक-दोन दशांशात फिरतो. झडपेने वाट नुसती बंद करू नये, हवेला बाजूने बाहेर जायला तोंड द्यावं. नाहीतर हवा तुंबते आणि आवाज वाढतो. पंखा आपल्या चालीने फिरत राहतो आणि चेहऱ्यावरचा वारा मात्र ब्रेकबरोबर तुटतो. मला स्वतःला हाच उपाय सगळ्यांत आवडतो.

वेग वाढतानाचा उशीर त्या मानाने सोपा. पंखा पूर्ण थांबू देऊ नये, मंद फिरता ठेवावा. आणि वेग वाढवायचा आदेश आला की क्षणभर गरजेपेक्षा जास्त जोर देऊन मग योग्य ठिकाणी आणावा. त्यासाठी ब्लोअरमध्ये जोर शिल्लक हवा. जो नेहमीच शंभर टक्क्यांवर चालतो, त्याला ढकलणार कसं?

प्रत्येक बदलानंतर मोजमाप करावं, नुसत्या अंदाजावर जाऊ नये. वाऱ्याच्या वाटेत लोकरीचा धागा लटकवा. शेजारी एक एलईडी लावा, बोर्डाने वारा थांबवायचा आदेश देताच ती लागली पाहिजे. मग मोबाईलवर सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो-मोशन चित्रीकरण करा. एलईडी लागल्यापासून धागा खाली पडेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या; एक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलिसेकंद. झडप लावूनही काही उशीर उरलाच, तर आदेश गाडीच्या वेगावरून देण्याऐवजी ब्रेक पेडलवरून द्यावा. पाय पेडलवर पडतो तेव्हा गाडी अजून मंदावायची असते, आणि तेवढी आघाडी झडपेला पुरते.