सोलापुरातील घरगुती पाणीवापर

एका घरात स्वयंपाक, पिणे, आंघोळ, संडास, धुणीभांडी आणि साफसफाई यांसाठी दिवसाला लागणारे पाणी म्हणजे घरगुती पाणीवापर. तो माणशी दररोज लिटरमध्ये मोजतात. शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करताना भारतात माणशी १३५ लिटर हा आकडा धरला जातो. सोलापुरात मात्र या आकड्यावरून कुठल्याही घराचा खरा वापर कळत नाही. वर्षानुवर्षे इथे नळाला तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी आले आहे. त्यामुळे कुटुंब किती पाणी वापरणार, हे गरजेआधी दोन गोष्टी ठरवतात : पाण्याच्या दिवशी नळातून किती पाणी पडते आणि त्यातले किती साठवायला घरात जागा आहे.

१३५ लिटरचा हिशेब

या आकड्याची प्रचलित फोड अशी : आंघोळ ५५, संडासाचे फ्लश ३०, कपडे २०, भांडी १०, घराची सफाई १०, स्वयंपाक ५ आणि पिणे ५ लिटर. खरे म्हणजे पोटात जाणारे आणि अन्नात पडणारे पाणी यात जेमतेम दहा लिटर आहे. बाकीचे सव्वाशे लिटर मळ वाहून नेण्यासाठी लागतात. हा निकष भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी आहे. गटार नसेल तिथे माणशी ७० लिटर धरतात. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते आणि ते पुरेसे नसेल तर गटाराच्या नळीत मैला पुढे सरकत नाही. ज्या गल्लीत पाणी कमी येते तिथेच चेंबर वारंवार का तुंबतात, याचे एक कारण हे आहे. ग्रामीण भागासाठी २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटरचे लक्ष्य ठेवले. शहरात राहूनही सोलापूरची पुष्कळ घरे या ग्रामीण आकड्याच्या आसपासच असतात.

पाणी येते कुठून

शहराचा मुख्य आधार भीमेवरचे उजनी धरण. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, पण त्यातले जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या दारांतून न निघणारे तळाचे पाणी आहे. उन्हाळ्यात बातम्यांत येणारी ‘उजनी वजा’ ही पातळी म्हणजे हाच साठा उपसायला सुरुवात झाल्याची खूण. उजनीहून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीने पाणी पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. दुसरा मार्ग नदीचा : धरणातून भीमेत सोडलेले पाणी औज बंधाऱ्यात अडवायचे, टाकळीहून उचलायचे आणि सोरेगावला शुद्ध करायचे. तिसरा जुना स्रोत म्हणजे हिप्परगा तलाव, म्हणजेच एकरूख. हा ब्रिटिश काळात आदिला नदीवर बांधला गेला.

नदीच्या मार्गात किती पाणी वाया जाते हे पाहण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. त्या सगळ्यांना माणशी १३५ लिटर वर्षभर दिले तरी लागतात सुमारे ४,७०० कोटी लिटर, म्हणजे पावणेदोन टीएमसीहूनही थोडे कमी. औज भरण्यासाठी मात्र याच्या कितीतरी पट पाणी नदीत सोडावे लागते. कोरडे पात्र आधी स्वतः पाणी पिते, उन्हाने वाफ होते आणि दोन्ही काठांवरच्या शेतीपंपांतून उपसा होतो. म्हणूनच पाणी सोडल्यावर काठावरची वीज काही तास बंद ठेवतात. उजनीहून दुसऱ्या, समांतर जलवाहिनीची मागणी शहराने इतकी लावून धरली ती याचमुळे.

पाण्याचा दिवस

चार दिवसांआड पाणी म्हणजे ते पाचव्या दिवशी येते, तेव्हा घरातल्या साठ्याला पाचाने भागायचे. पाच माणसांच्या घराला निकषाप्रमाणे पाच दिवसांसाठी ३,३७५ लिटर लागतील. अर्ध्या इंची नळातून बऱ्या दाबाने मिनिटाला १० ते १५ लिटर पडतात. मिनिटाला १२ लिटर धरून दोन तास पाणी आले तर १,४४० लिटर मिळाले, म्हणजे दिवसाला २८८ आणि माणशी जेमतेम ५८. त्यातही हजार लिटरची टाकी आणि दोनशेची दोन पिंपे एवढीच साठवण असेल तर १,४०० लिटरला हात टेकतात. पुढे नळ चालू राहिला तरी ते पाणी घरात मुरत नाही. जमिनीखाली मोठा हौद असलेला बंगला आणि दोन खोल्यांचे घर, दोघांचा नळ अर्ध्या इंचीच असला तरी पाणीवापर दुप्पट-अडीचपट वेगळा निघतो, तो या साठवणीमुळे.

त्या दिवशी कामांचा क्रम ठरलेला असतो. चावीवाल्याने व्हॉल्व फिरवला की आधी नळातून हवा फुसफुसते, मग गढूळ पाणी येते. रिकाम्या पडलेल्या नळीतला गाळ आणि गंज त्यात असतो. पहिल्या दोन-तीन बादल्या पिण्याला घेत नाहीत; त्या संडासाच्या पिंपात किंवा अंगण धुवायला जातात. पाणी नितळ झाले की पांढऱ्या फडक्यातून गाळून पिण्याच्या घागरी, मग हौद, मग वरची टाकी. सगळे भरून झाल्यावर नळ चालू असेतो जाड धुणे काढतात. चादर, सतरंजी, पडदे यांना साबणाचे एक आणि खंगाळायची दोन पाणी लागतात, ती साठ्यातून काढणे परवडत नाही. शहराच्या पूर्व भागात जिथे घरी विडी वळतात, तिथे तेंदूची पाने भिजवायलाही थोडे पाणी बाजूला निघते.

दोन घरांची फोड

हौदातून तांब्याने पाणी घेणाऱ्या पाच माणसांच्या घरात दिवसाचा खर्च साधारण असा बसतो : पिणे १८ लिटर, स्वयंपाक १७, माणशी एका बादलीची आंघोळ धरून १००, बादली ओतायचा भारतीय संडास ५५, हाताने धुतलेले कपडे ६०, घमेल्यात घासून-विसळून भांडी ३५, फरशी आणि दारापुढचा सडा १५. एकूण ३००, म्हणजे माणशी ६०.

जुळे सोलापूरसारख्या भागातल्या, वर टाकी आणि खाली हौद असलेल्या फ्लॅटमधली पाच माणसे तीच कामे करतात. पण माणशी दोन बादल्यांची आंघोळ २०० लिटर होते आणि सहा लिटरच्या फ्लशची माणशी पाच बटणे १५०. यंत्रात कपडे १००, वाहत्या नळाखाली भांडी ६०, पिणे २०, स्वयंपाक २०, फरशी २०, कुंड्या आणि गाडी मिळून ३०. आरओ यंत्र एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर बाहेर टाकते, त्याचे ४५. बेरीज ६४५, माणशी १२९. निकषाच्या अगदी जवळ. यात चैन कुठेच नाही. फरक पडतो तो फ्लश, नळ आणि दुसरी बादली यांनी. जुन्या फ्लशच्या टाक्या एका वेळी दहा ते तेरा लिटर सोडतात, तिथे माणशी वापर दीडशेच्या आसपास किंवा पुढे जातो. उघड्या टाकीचे यंत्र एका फेरीला शंभर-दीडशे लिटर घेते, समोरून दार असलेले पन्नास-साठच्या आसपास.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी एक खाते उघडते ते कूलरचे. हवा कोरडी आणि पारा चाळिशीपार असताना घरगुती कूलर तासाला पाच ते दहा लिटर पाणी वाफ करून टाकतो. रात्रभर चालला तर पन्नास लिटरची टाकी सकाळपर्यंत रिकामी होते. हे पाणी मोरीतून जात नाही, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही. पाणी सर्वांत कमी येते त्याच महिन्यांत ही भर पडते.

आपल्या घराचा वापर मोजणे

मीटर असल्यास एक युनिट म्हणजे हजार लिटर. पण आड दिवसांच्या पुरवठ्यात सुरुवातीला नळीतली हवा मीटर फिरवते आणि ती हवाही पाणी म्हणून नोंदली जाते. सोलापुरात पातळीवरून काढलेला हिशेब जास्त भरवशाचा.

चौकोनी हौदाची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि २८.३ ने गुणावे, लिटर मिळतात. ४ × ३ × ३ फुटांचा हौद १,०१९ लिटरचा. गोल टाकीत आतला व्यास महत्त्वाचा : १०५ सेंटिमीटर व्यास असेल तर पातळीच्या एका सेंटिमीटरला सुमारे ८.७ लिटर. लाकडी पट्टीवर खुणा करून ती टाकीत उभी धरली की झाले. भरल्यानंतर पातळी लिहावी, मग रोज सकाळी त्याच वेळेला लिहावी आणि पुढचे पाणी येईपर्यंतची बेरीज माणसांच्या संख्येने आणि दिवसांनी भागावी. बोअरचे पाणी आणि जारचे पाणी वेगळे धरावे. एका पाळीवर, म्हणजे एका पाण्यापासून पुढच्या पाण्यापर्यंतच्या दिवसांवर, विसंबू नये. पाहुणे, सण किंवा चादरी धुतलेली पाळी आकडा फुगवते. चार पाळ्यांची सरासरी घ्यावी.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे हौदाची पूर्ण क्षमता धरणे. मोटरचा फूटव्हॉल्व, म्हणजे उपसणाऱ्या नळीच्या टोकाची झडप, तळापासून चार-सहा इंच वर असतो आणि त्याखालचे पाणी उपसले जात नाही. ६ × ५ फुटांच्या हौदात तळाचे सहा इंच म्हणजे सव्वाचारशे लिटर, जे फक्त कागदावर असतात.

गळती शोधायची असेल तर रात्री झोपताना आणि पहाटे कुणी उठण्याआधी पातळी पाहावी. वरच्या १०५ सेंटिमीटर व्यासाच्या टाकीत दोन सेंटिमीटर उतार दिसला तर सतरा लिटर गेले. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो. फ्लशची गळती याहून मोठी आणि मुकी असते. फ्लशच्या टाकीत कपड्याची नीळ चार थेंब टाकून वीस मिनिटे बटण दाबू नये. भांड्यात निळी धार दिसली तर तळाचा रबरी वॉशर गेला आहे. तो बदलायला लागणारा खर्च किरकोळ असतो. वरची टाकी भरताना ओसंडते ती बहुधा फ्लोटमुळे, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्यामुळे : त्याच्या दांड्यावर क्षार चढून तो अडकतो. बोअरचे पाणी भरणाऱ्या टाक्यांत हे लवकर होते, कारण दख्खनच्या काळ्या खडकातले पाणी जड असते. त्याच पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून कपड्यांना खंगाळायचे एक पाणी जास्त लागते.

साठवणीचे दोष

साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन हळूहळू उडतो. नळाला तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा, पण उघड्या पिंपात दोन-तीन दिवसांनी हाती काही लागत नाही. पिण्याच्या साठ्याबद्दल शंका असेल तर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी टाकीत ओतावी. तासभर थांबून पाणी वापरावे. ओलसर जागी ठेवलेली जुनी पावडर निकामी असते. वास येतो म्हणून ती चांगली, असे नाही.

डासांचा प्रश्न याहून गंभीर आहे. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात, भिंतीला पाण्याच्या रेषेवर अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाचव्या दिवशी पाणी येते तेव्हा पिंप पूर्ण रिकामे न करता वरून भरले, तर अळ्यांना हवे ते सगळे दिवस मिळतात. पाणी ओतून दिले तरी अंडी भिंतीला चिकटून राहतात, म्हणून आठवड्यातून एकदा कडा काथ्याने घासायच्या आणि पिंप उन्हात सुकवायचे. झाकण नसलेल्या पिंपावर सुती कापड ताणून बांधावे, पण ते पाण्याला टेकता कामा नये.

पाणी आले की शिळे समजून जुना साठा ओतून देण्याची सवय शहरभर आहे. पाच माणसांच्या घरात उरलेली दोन पिंपे म्हणजे सव्वा दिवसाहून थोडे जास्त पाणी. पिण्याची घागर बदलणे समजण्यासारखे आहे, पण वापरायचे पाणी पाच दिवसांत शिळे होत नाही. त्याच पाण्याने पिंप घासावे, धुणे भिजवावे, संडास धुवावा.

नळाला थेट मोटर जोडणे हा सगळ्यांत घातक प्रकार. नळीतला दाब शून्याखाली जातो, शेजारच्या टोकाच्या घरांना थेंब येत नाही आणि फुटक्या सांध्यातून लगतच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. सुरुवातीच्या पाण्याला वास आला तर कारण पुष्कळदा हेच असते. मोटर लावायचीच तर नळाचे पाणी आधी जमिनीलगतच्या हौदात पडू द्यावे आणि हौदातून वर चढवावे.

पावसाची भर

सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. तरी ५०० चौरस फुटांच्या स्लॅबवर साडेपाचशे मिलिमीटर पडला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तर सुमारे वीस हजार लिटर होतात. दिवसाला ३०० लिटर वापरणाऱ्या घराला ते दोन महिन्यांहून थोडे जास्त पुरतील. एवढे साठवायला टाकी कुणाकडे नसते. म्हणून पहिल्या सरीचे धुळीचे पाणी बाजूला सोडून, पुढचे वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरशेजारच्या खड्ड्यात मुरवतात. गाळणीतली वाळू दरवर्षी मृगाआधी काढून धुतली नाही तर तिच्यावर गाळाचा थर बसतो आणि पाणी मुरण्याऐवजी अंगणात तुंबते.