पत्रादेवीचा नाका आणि माणसांचं जाळं

सिंधुदुर्गातल्या बांद्याहून गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका गाडीने दहा-पंधरा मिनिटं. माझं माहेर बांद्याला आणि सासर गोव्यातल्या पेडण्यात, लग्नाला वीसेक वर्षं झाली पण मधे दोन राज्यांची हद्द आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं, कारण आमच्या बाजूला किती घरांतल्या सुना सिंधुदुर्गातल्या, दोडामार्गची पोरं रोज मोटरसायकलने गोव्यात कामाला येणार, आणि तिकडे कुणाला जास्त झालं की गाडी सरळ बांबोळीच्या गोवा मेडिकलला. मग २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला, त्याच दिवशी गोव्यात कोरोनाचे पहिले तीन पेशंट सापडले आणि नाका बंद झाला. आई बांद्याला एकटी. तिच्या बीपीच्या गोळ्या दर महिन्याला मी म्हापशाहून घेऊन जायचे, त्या महिन्यात त्या माल उतरवून रिकाम्या परत जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याच्या हातून पाठवल्या. टेम्पो जाऊ शकत होता, मी नाही.

साथीत सगळ्यांचेच हाल झाले हे खरं, पण ज्यांची नाती दोन राज्यांत, दोन देशांत, दोन धर्मांत पसरली आहेत त्यांचे हाल जरा वेगळ्याच जातीचे होते, आणि ते तसे का होते याचा विचार माझ्या डोक्यातून जाईना. वाचत गेले तर उत्तराचा एक मोठा तुकडा गणितात सापडला.

१९९८ साली डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगाट्झ या दोघांनी ‘नेचर’ मासिकात एक छोटा पेपर लिहिला. एक लांबलचक वाडा, म्हणजे वाडी, डोळ्यासमोर आणा ज्यात प्रत्येक घराची ओळख फक्त शेजारच्या चार घरांशी आहे. तिथे बातमी असो की आजार, या टोकाहून त्या टोकाला घराघरातून चालतच जावं लागणार, वेळ लागणार. आता त्यातल्या मोजक्या घरांना लांबचं एकेक नातं जोडा, एकाचा मुलगा बोटीवर, एकाची मुलगी दुबईला, एकाची सोयरीक घाटापलीकडे. एवढ्यानेच अख्खं जाळं आक्रसतं आणि कुठूनही कुठेही दोन-चार उड्यांत पोचता येतं. त्यासाठी असे धागे फार लागत नाहीत, थोडेसेच पुरतात, हीच त्या पेपरातली मोठी गंमत. आणि अशा जाळ्यात साथही झपाट्याने पसरते हे त्यांनी तिथेच दाखवलं होतं.

म्हणजे साथ अडवायची तर आधी हे लांबचे धागे कापायचे. विमानं, बोटी, राज्यांच्या सीमा. शास्त्र म्हणून यात चूक काढता येत नाही. पण त्या प्रत्येक धाग्याच्या दोन्ही टोकांना माणसं असतात. माझ्या शेजारणीची आई, बहीण, जाऊ सगळ्या एकाच वाड्यावर, तिचं जाळं त्या दिवसांतही जवळपास शाबूत होतं, कुंपणावरून आमटीची वाटी जात-येत होती. माझ्या नात्यांतले दोन सगळ्यात महत्त्वाचे धागे नेमके लांबचे होते आणि दोन्ही एकाच आठवड्यात तुटले.

कापून फायदा किती होतो याचाही हिशोब आहे. वुहान २३ जानेवारी २०२० ला बंद केलं, त्यावर ‘सायन्स’ मासिकात आलेल्या अभ्यासानुसार चीनच्या आतला प्रसार त्यामुळे जेमतेम ३ ते ५ दिवसांनी लांबला, चीनबाहेर जाणाऱ्या केसेस मात्र सुरवातीचे काही आठवडे खूप कमी झाल्या. म्हणजे बंदीने मिळतो तो वेळ. गोव्यालाही मिळाला, पहिले सातही पेशंट बरे होऊन १९ एप्रिलला राज्यात एकही ॲक्टिव्ह केस उरली नव्हती. पण रोग एकदा आत शिरला की तो घराघरातून चालायला लागतो, मग लांबचा धागा कापलेला ठेवून हाती फार लागत नाही. जूनमधे वास्कोच्या मांगोर हिलवर तेच झालं.

माझा दुसरा धागा म्हणजे धाकटी बहीण. ती दक्षिण गोव्यात सासष्टीत असते, नवरा कॅथलिक, क्रूझवर नोकरीला, आमच्याकडे अशा माणसाला तारवटी म्हणतात. त्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्च २०२० मधे संपणार होतं. बोट समुद्रात उभी राहिली ती राहिलीच, एकेक बंदर नाही म्हणत गेलं. त्याआधी फेब्रुवारीत जपानच्या योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’च्या बातम्या आम्ही पाहिल्या होत्या, ३,७११ माणसं, त्यातल्या ७१२ जणांना लागण, बोटीवर १३८ भारतीय आणि त्यातले १३२ कर्मचारी. प्रवासी केबिनमधे बंद, पण त्यांना जेवण पोचवणारे लोक एकेका केबिनमधे वाटून राहत होते आणि कामही करत होते. क्वारंटाइन हा शब्दच मुळात बोटींचा, चाळीसला व्हेनिसच्या भाषेत जो शब्द आहे त्यावरून आला, चाळीस दिवस जहाज बंदराबाहेर थांबवायचं. तेव्हाही आत अडकलेल्या माणसाच्या घरच्यांचं काय होतं हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

२०२० च्या शेवटी शेवटी कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटीवरच अडकलेल्या खलाशांचा आकडा जगभरात चार लाखांपर्यंत गेला होता, हा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज. त्यात आपले गोव्याचे किती असतील याचा विचार तुम्हीच करा, सासष्टीत तर गल्लीगल्लीत तारवटी.

बहिणीची तेव्हाची अवस्था मला नीट सांगता येत नव्हती. नवरा जिवंत आहे, फोनवर दिसतोय, पगाराचं काही कळत नाही, कधी येणार तेही नाही, रडावं तर रडण्यासारखं घडलेलं काहीच नाही. याला पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकातच नाव दिलं होतं, त्याचं मराठी मी करते ‘अर्धवट हरवणं’. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांचा त्यांनी अभ्यास केला होता. माणूस गेला तर दुःखाला सुरवात असते आणि हळूहळू उतारही असतो, पण माणूस आहेही आणि नाहीही अशा स्थितीत मन अडकून पडतं, निर्णय घेता येत नाहीत, घरातले लोक एकमेकांवर चिडतात. बहिणीचं नेमकं तसंच चाललं होतं आणि सगळ्यांना वाटायचं ती उगीच चिडचिड करते.

व्हिडिओ कॉल होते ना, असं कोणी म्हणेल. होते. पण माणसं बोलताना एकाचं संपलं की दुसऱ्याने सुरू करायला सरासरी फक्त २०० मिलिसेकंद लागतात, २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांवर झालेल्या अभ्यासात हे दिसलं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. बोटीवरच्या नेटमधे आवाज सेकंदभर उशिरा आला की ही लय मोडते, आणि नंतरच्या प्रयोगांत असं दिसलं की उशीर लाइनचा असला तरी आपल्याला वाटतं समोरचा माणूसच तुटक बोलतोय. नवरा-बायकोत त्या काळात झालेली निम्मी भांडणं ही त्या एका सेकंदाची होती असं मला आता वाटतं.

पासपोर्टची गोष्ट तर आणखी अवघड. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या, आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, त्यावर कितीतरी गोंयकार इंग्लंडला गेले, स्विंडनमधे तर मोठी वस्ती आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व जातं, मग हातात राहतं ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते. १३ मार्च २०२० पासून त्या कार्डावर व्हिसाशिवाय येण्याची सोय थांबवली. मे महिन्यापासून काही जणांना सूट मिळाली, पण सगळ्या कार्डधारकांना दार उघडायला ऑक्टोबर उजाडला. घर इथे, म्हातारे आईवडील इथे, आणि कागदावर परदेशी.

बरं, जाळं कापलं की अजून एक गोष्ट होते, जो धाग्याच्या पलीकडे राहिला तो ‘भायलो’, म्हणजे बाहेरचा, होतो. मार्क शॅलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाची कल्पना आहे की शरीरासारखी मनालाही एक प्रतिकारशक्ती असते, रोगाची भीती वाटली की ती अनोळखी माणसापासून आपल्याला लांब ओढते. यावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष सगळीकडे सारखे येत नाहीत त्यामुळे मी ते अंतिम मानत नाही, पण जूनमधे मांगोर हिलचं नाव घेतलं की लोकांचे चेहरे कसे बदलायचे ते मी स्वतः पाहिलंय. आणि बांद्याला माझ्या आईला शेजारीण म्हणाली, मुलगी गोव्यात ना तुमची, ती आली तर आधी सांगा हां. इकडे मी घाटीकडची, तिकडे गोव्याची.

हे आजचं नाही. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात सिफिलिसला ‘फिरंग रोग’ म्हटलंय, पोर्तुगीजांबरोबर आला म्हणून. त्याच रोगाला इटलीवाले फ्रेंच रोग म्हणायचे आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. उलट दिशेनेही झालं, १५४३ साली गोव्यात पटकीची भयंकर साथ आली तिचं वर्णन गास्पार कोरेया या पोर्तुगीज लेखकाने केलंय आणि रोगाला शब्द वापरलाय आपला, मोडशी! पोर्तुगीजांनी त्याचं मोर्देशी केलं, पुढे फ्रेंचांनी ऐकून ऐकून त्याचं ‘कुत्र्याचं मरण’ असा अर्थ होणारं रूप करून टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मधे सांगितलं की रोगाला गावाचं, देशाचं, लोकांचं नाव देऊ नका. मला हे नियम कोरडे वाटायचे, आईच्या शेजारणीनंतर नाही वाटत.

मग करायचं काय, सीमा उघड्या टाकायच्या का? अजिबात नाही. २०२० मधेच एक अभ्यास आला की सगळ्यांनी सरसकट भेटी कमी करण्यापेक्षा ठराविकच माणसांना वारंवार भेटायचं ठरवलं तर साथ जास्त चांगली आटोक्यात राहते. म्हणजे किती जणांना भेटता यापेक्षा कुणाला भेटता हे महत्त्वाचं. न्यूझीलंडने यालाच बबल म्हटलं, इंग्लंडने जून २०२० मधे एकट्या राहणाऱ्या माणसाला एका दुसऱ्या घराशी जोडून घ्यायची परवानगी दिली, डेन्मार्क आणि नेदरलँड्सने त्या उन्हाळ्यात परदेशात अडकलेल्या जोडीदारांसाठी दार थोडं उघडलं. माझी आई एकटी, आमचं घर एक, दोन्ही मिळून एक बबल झाला असता. नाक्यावर दूध, भाजी, गॅसची यादी होती तशी एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या एका नातेवाईकाची नोंद ठेवणं अशक्य होतं असं मला वाटत नाही.

आमच्यात त्या वर्षात एक गोष्ट मात्र चांगली घडली. आई आणि बहिणीची सासू, या दोघी विहिणी लग्नात धड बोललेल्याही नव्हत्या, आई मालवणी बोलणार आणि त्यांची सासष्टीची कोंकणी, त्यात अर्धे शब्द पोर्तुगीज. लॉकडाऊनमधे दोघीही घरात कोंडलेल्या आणि दोघींनाही लांबच्या मुलांची काळजी, एक दिवस बहिणीने फोन लावून दिला आणि मग रोजच सुरू झालं, इकडे दिवेलागण झाली आणि तिकडे तेर्स, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, संपला की फोन. वर्षभर चाललं ते.

एप्रिल-मे २०२१ ला दुसरी लाट आली. गोव्यात तेव्हा अशी वेळ आली होती की दर दोन टेस्टमागे साधारण एक पॉझिटिव्ह. विहीणबाई मे महिन्यात गेल्या. जावई तेव्हा पुन्हा बोटीवर होता. पुरायला मोजकी माणसं, चर्चमधली मीस, म्हणजे प्रार्थना, फोनच्या स्क्रीनवर.

अमेरिकेतल्या एका हिशोबानुसार कोविडच्या एका मृत्यूमागे जवळचे नऊ नातेवाईक शोकात पडतात. त्या हिशोबात आईवडील, भावंडं, जोडीदार, मुलं, नातवंडं आहेत. विहीण नाही. आपल्या पद्धतीत आईला सुतक नव्हतं, त्यांच्या पद्धतीत तिला चर्चमधे पुढच्या बाकावर जागा नसती, ऑफिशियली ती कुणीच नव्हती. केनेथ डोका यांनी १९८९ मधे अशा दुःखाबद्दल लिहिलंय, ज्याला समाज हक्क देत नाही, म्हणून कुणी भेटायला येत नाही, कुणी विचारत नाही. अशी दुःखं आत मुरतात. आता तर दीर्घकाळ न सुटणारा शोक ही वैद्यकशास्त्राने मान्य केलेली तक्रार आहे. आई संध्याकाळी फोन हातात घेऊन बसायची, कुणाला लावायची नाही. “माका तिका एकदा तरी बघूक व्हया होता,” एवढंच.

निर्बंध उठल्यावर म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त पुन्हा भरलं. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी, असं आपल्याकडे मानतात, म्हणून हिंदूंचीही रांग असते. आईने मला बांद्याहून न्यायला लावलं, नाक्यावर गाडी कुणी थांबवली नाही. तिने मेणबत्ती लावली, बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर खाजं घेतलं दोन पुड्या, एक घरी आणि एक बहिणीच्या मुलीला, तिची आजी दरवर्षी घ्यायची म्हणून.