चाळीस पत्रिका आणि एक नाणे

शाळेत भाषण झाले की मुले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांभोवती सह्यांच्या वह्या घेऊन गोळा होत. नारळीकर सही देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल, असे सांगत. म्हणजे सही हवी तर आधी प्रश्न सुचायला हवा! गर्दीतली बरीच मुले तिथेच गळत असणार. पण ज्यांनी पत्र टाकले, त्यांच्या घरी उत्तर येई.

विज्ञानप्रसार म्हटले की आपल्याकडे कृष्णविवरांची चित्रे, तासाभराचे व्याख्यान आणि शेवटी आभारप्रदर्शन. शास्त्रज्ञाने सांगायचे, लोकांनी ऐकायचे. ऐकणाऱ्यांतल्या विरोधकांनाच प्रयोगात ओढायचे, हे क्वचित घडते. पुण्यात 2008 साली ते घडले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2001 मध्ये ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले, तेव्हा देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध केला. निषेधाची पत्रके वाचून कुणी पत्रिका बघणे सोडल्याचे मी तरी पाहिलेले नाही. नारळीकरांनी पुढे चाचणीच घेतली. सोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाची आतून माहिती असलेले प्रकाश घाटपांडे.

समितीच्या कार्यकर्त्यांनी 100 हुशार आणि 100 मतिमंद (तेव्हा रूढ असलेला शब्द) मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. त्यांवरून कुंडल्या मांडल्या, त्यांना क्रमांक दिले आणि सगळ्या एकमेकींत मिसळून टाकल्या. कुठली कुणाची, ही माहिती पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात बंद. त्यामुळे चेहऱ्यावरून किंवा बोलण्यातून कुणालाही सुगावा लागायची सोय उरली नाही. आवाहनाला 51 ज्योतिषांनी प्रतिसाद दिला. प्रत्येकाला 40 पत्रिका पाठवल्या. काम एवढेच: मूल हुशार की मतिमंद, ते सांगा.

माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत मोलाचा आकडा 28 आहे. चाळीसपैकी 28, म्हणजे 70 टक्के, ही उत्तीर्ण होण्याची रेघ आधीच आखली होती. डोळे मिटून सांगितले तरी सरासरी 20 बरोबर येतातच. नशिबाने 28 किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता मात्र हजारात आठ-नऊ. निकाल हाती आल्यावर रेघ आखली असती तर दोन्ही बाजूंना ती हवी तिकडे सरकवता आली असती. (संशोधनातही हा मोह होतोच. औषधांच्या चाचण्यांचा आराखडा आधी नोंदवायला लावतात, तो याचसाठी.)

उत्तरे 27 जणांकडून आली. त्यांतली बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. सर्वांत चांगली कामगिरी चाळीसपैकी 24. ज्योतिषाच्या एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका घेतल्या होत्या. तिची 102 उत्तरे बरोबर आली.

हे वाचून मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पाच रुपयांचे नाणे 40 वेळा उडवले. छापा 22 वेळा पडला, एकदा नाणे गॅसखाली गेले. गणित केले तर आणखी गंमत दिसते: 27 जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यांतल्या तीन-चार जणांना 24 किंवा त्याहून जास्त गुण मिळाले असते.

प्रयोगाचा निबंध 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला, म्हणजे संशोधन म्हणून त्याची नोंद तरी झाली. पोस्टकार्डांचे तसे नाही. पदोन्नतीच्या अर्जात निबंध, पेटंट, प्रकल्पाचा निधी यांचे रकाने असतात. सातवीतल्या मुलाला लिहिलेले उत्तर त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. नारळीकर नावारूपाला आल्यावर पत्रे लिहीत होते. त्यांना रकान्याची फिकीर करायची गरज नव्हती. नोकरी कायम व्हायची वाट बघणाऱ्या तरुण संशोधकाने मात्र रविवारची दुपार पत्रोत्तरांत घालवली, तर त्याचा विभागप्रमुख बहुधा विचारील, पेपरचे काय झाले?