डावा कोपरा

आमच्या चाळीतल्या एका बापाचा उजवा गुडघा आजही पुरता वाकत नाही. तरी पोराने कबड्डीत आपल्याच जागी, डाव्या कोपऱ्यात उभं राहावं हा त्याचा हट्ट. पोरगं संध्याकाळी मैदानावर जातं खरं, पण पाय ओढत.

लालबाग-परळला ही कबड्डीची ओढ म्हणतात. मला विचाराल तर तिच्या मुळाशी नोकरी आहे. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेल्या माणसाला पाळी सुटल्यावर परवडेल असा हाच खेळ होता. बॅट नको, बूट नको. थोडी माती आणि प्रत्येक बाजूला सात गडी. गल्लोगल्ली मंडळं नि व्यायामशाळा उभ्या राहिल्या, गिरण्यांचेही संघ झाले. चांगली पकड करणारा पोरगा खात्यात चिकटायचा.

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. पण रेल्वे, बँका, पोलीस, तेल कंपन्या खेळाडू घेत राहिल्या. शेजारच्या खोलीत भांडी विकायला निघालेली असताना कबड्डीवाल्याच्या घरात मात्र एक तारखेला पगार येत होता. आजच्या बापांनी लहानपणी पाहिलंय ते हे. 1990 ला बीजिंगच्या एशियाडमध्ये भारताने सुवर्ण मिळवलं, त्याचाही अभिमान होताच. तरी पहिला तो पगार.

2014 ला प्रो कबड्डी आली. माती जाऊन मॅट टीव्हीवर दिसू लागली, खेळाडूंचे लिलाव लाखांत गेले. त्याआधीपासूनच सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यामुळे चाळीतला बाप आता गुणांआधी प्रमाणपत्रं मोजतो. पोराला चित्रं काढायची आहेत, हे त्याने ऐकलंय. पण चित्रकलेचा कोटा कुठे असतो, असं तो मलाच विचारतो. उत्तर मला सुचलं नाही.

किशोर गटाला वजनाची मर्यादा 55 किलो होती. निवड चाचणीच्या दिवशी पोराने काट्यावर चढण्याआधी नाक्यावर तीन वडापाव आणि वर लिटरभर पाणी रिचवलं. काटा 56 वर गेला. बापाने त्याला तिथेच मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, आणि दुखऱ्या गुडघ्याने स्वतःही मागून पळत राहिला.