दोघे राजी असले तरी

ठाण्यात तलावपाळीजवळच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलाने परवा विचारलं, "सर, हक्क सरकारच देतं ना? मग काढूनही घेईल की!" ही समजूत फार पसरलेली आहे.

त्याच्या वहीत खोलीचा भाडेकरार घडी करून ठेवला होता. मी म्हटलं, "भाडं थकलं तर मालक तुला कोंडून ठेवेल, असं कलम यात असतं आणि तू राजीखुशीने सही केली असतीस तर?" तो म्हणाला, "कोर्टात टिकणार नाही." बरोबर. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ बेकायदा हेतूचा करार रद्दबातल ठरवतं. पण दोन देशांनी असा करार केला तर? त्यांच्या डोक्यावर संसद नाही.

उत्तर १९६९ च्या व्हिएन्ना करारात आहे; देशादेशांतले करार कसे करायचे आणि कधी रद्द होतात, याचे नियम त्यात आहेत. त्याच्या कलम ५३ नुसार काही नियम अनुल्लंघनीय असतात. लॅटिनमध्ये त्यांना 'युस कोजेन्स' म्हणतात. त्यांच्याविरुद्ध केलेला करार मुळातच शून्य. कलम ६४ आणखी पुढे जातं: करार जुना असेल आणि असा नियम नंतर उदयाला आला, तरी तो करार तिथेच संपतो. हा नियम ठरवायचा कोणी? राष्ट्रांच्या समस्त समुदायाने. म्हणजे नियम बनायला समुदायाची संमती लागते, पण एकट्या देशाला त्यातून बाहेर पडता येत नाही. त्याच दर्जाचा नवा नियमच जुन्याला बदलू शकतो. देव नसला तरी नैसर्गिक कायदा, म्हणजे कुणा राजाने न केलेला, माणसाच्या स्वभावातूनच येणारा कायदा, लागू राहील, असं डच कायदेपंडित ग्रोशियसने १६२५ मध्ये मांडलं होतं. कलम ५३ मध्ये निसर्गाचं नावही नाही, तरी संमतीपलीकडचा कायदा ही त्याची कल्पना तिथे जिवंत आहे. मला हे कलम विलक्षण वाटतं.

'निसर्ग' या शब्दापासून मात्र जपून राहावं. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात, असं ॲरिस्टॉटल म्हणाला होता. आपल्याकडे जातही जन्मजात स्वभाव म्हणून खपवली गेली, आजही खपवली जाते. निसर्गाच्या नावाने सांगितलेला असा नियम गुरुत्वाकर्षणासारखा मोजून दाखवता येत नाही, म्हणून तो कोण सांगतो आणि कोणाच्या फायद्याचा, हे आधी विचारावं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या मसुद्यातून 'निसर्गाने' हा शब्द वगळला गेला, देवाचं नावही आलं नाही. पहिल्या कलमातल्या 'सर्व पुरुष' या शब्दांवर भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी हरकत घेतली आणि 'सर्व माणसे' असं झालं. ती माणसे 'जन्मतः स्वतंत्र' आहेत, असं कलम सांगतं. 'सरकारने दिलेले' असं तिथे कुठेच नाही.

मुलाने 'जन्मतः' खाली रेघ ओढली आणि विचारलं, "मग त्या अनुल्लंघनीय नियमांची यादी कुठाय?" संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०२२ मध्ये आठ नियम नोंदवले: वंशसंहार, गुलामगिरी, छळ, वंशभेद यांवरची बंदी त्यांत आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाही. ही यादी अंतिम नाही, हेही आयोगाने सांगून ठेवलं आहे.