बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी गोव्यात सरकारी मदत: पात्रता, कागदपत्रे आणि कुठे अडते

आधी बाळाला वेळ किती आहे ते डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. महाधमनी आणि फुप्फुस धमनी उलट जोडलेल्या असतील (टीजीए), तर शस्त्रक्रिया साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी लागते. त्यानंतर हृदयाचा डावा कप्पा कमी दाबाला सरावतो आणि अंगभर रक्त ढकलण्याची त्याची ताकद ओसरते. फुप्फुसातून येणाऱ्या शिरा हृदयात चुकीच्या जागी जोडलेल्या असतात (टीएपीव्हीसी) आणि त्यांत अडथळाही असेल, तर तासांचा हिशेब असतो. अशा बाळाला कागदांसाठी थांबवू नका. प्रोस्टाग्लँडिनची (हृदयाजवळची जन्मावेळची रक्तनळी उघडी ठेवणाऱ्या औषधाची) सलाइन चालू असेल तर व्हेंटिलेटर असलेलीच रुग्णवाहिका मागा. या औषधाने श्वास मध्येच थांबू शकतो.

बाळासोबत एकाने इस्पितळात राहावे, दुसऱ्याने त्याच दिवशी अर्जाला लागावे.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी गोव्यात 5 वर्षांचे वास्तव्य लागते. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक जणांना चार लाखांचे कवच मिळते. बाळाचे नाव कार्डात लगेच घालून घ्या आणि ठरलेली शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे का, ते आधी तपासा.

सरकारी इस्पितळात न होणाऱ्या उपचारांसाठी आरोग्य संचालनालयाची मेडिक्लेम योजना आहे. तिथे 15 वर्षांचा रहिवासी दाखला, मामलेदारांचा उत्पन्नाचा दाखला, उपचार इथे उपलब्ध नसल्याचा गोमेकॉचा (गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळाचा) दाखला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या इस्पितळाचे अंदाजपत्रक लागते. सोबत इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल, आईवडिलांचे आधार आणि जन्मदाखला जोडा. सरकारी इस्पितळात जन्मलेल्या बाळाची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नोंद झाली का, हेही विचारा. जन्मजात हृदयदोष त्या यादीत आहे.

खरी अडचण नावांची. इस्पितळाच्या कागदावर फक्त 'बेबी ऑफ' आणि आईचे नाव असते, आईच्या आधारवर माहेरचे आडनाव, तर जन्मदाखल्यावर सासरचे. तिन्ही जुळवून घ्या, नाही जुळली तर एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करा. जन्मनोंद 21 दिवसांत, जिथे जन्म झाला तिथे होते: पेडण्याच्या बाळाचा जन्म म्हापशात झाला असेल तर म्हापसा पालिकेत. बारसे झाले नाही म्हणून थांबू नका. नावाशिवाय नोंद होते, नाव नंतर घालता येते.

अंदाजपत्रकात निदान, शस्त्रक्रियेचे नेमके नाव, आयसीयूचे दिवस आणि कृत्रिम नळी किंवा झडपेचा खर्च वेगळा लिहून घ्या. 'हृदयशस्त्रक्रिया' एवढेच लिहिले तर फाइल खुलाशासाठी परत येऊ शकते. एकच कप्पा काम करणाऱ्या हृदयाला टप्प्याटप्प्याने दोन-तीन शस्त्रक्रिया लागतात. प्रत्येक टप्पा स्वतंत्र मांडून घ्या आणि इकोच्या मूळ प्रती घरीच ठेवा.